मदत हवी आहे: लॅटिन 'स्पोन्देओ' वापरून 'शब्द देतो' कसं लिहायचं?

'मी येईन, असा तुला शब्द देतो' याचं लॅटिन 'ते स्पोन्देओ मे वेनीरे' असं केलंय. 'मे' म्हणजे 'मला', म्हणून 'स्वतःला बांधून घेतो' ही छटा त्यातून येते असं वाटतं. बरोबर आहे का? भूतकाळात 'स्पोन्दी' चालेल का?

प्रतिसाद १
'तिबी स्पोन्देओ मे वेन्तूरुम एस्से' असं हवं. बोलणारी स्त्री असेल तर 'वेन्तूराम'. ज्याला शब्द द्यायचा तो चतुर्थीत, म्हणून 'ते' नव्हे, 'तिबी'. येणं अजून व्हायचंय, म्हणून भविष्यकालीन रूप. 'मे' हा 'येण्या'चा कर्ता आहे, फक्त द्वितीयेत. स्वतःला बांधून घेण्याचा अर्थ 'स्पोन्देओ'मध्येच मुरलेला आहे.
खरोखरच स्वतःला अर्पण करायचं असेल तर 'देवोवेओ'. इ.स.पू. ३४० च्या लढाईत रोमन सेनापती देकिउस मुस याने स्वतःला पाताळातल्या देवतांना वाहिलं, ते याच क्रियापदाने सांगतात.
भूतकाळ 'स्पोपोन्दी', पहिलं अक्षर दुणावतं. मात्र उपसर्ग लागला की दुणावणं जातं: 'रेस्पोन्दी'. तुमची चूक बहुधा तिथूनच आली.

प्रतिसाद २
हा शब्द साध्या 'प्रॉमिस'साठी वापरू नका, त्याला कायद्याचं वजन आहे. रोमन करार तोंडी प्रश्नोत्तराने होई: 'दारी स्पोन्देस?' (द्यायचा शब्द देतोस?) – 'स्पोन्देओ' (देतो). रोमन कायदेपंडित गायुस सांगतो की या क्रियापदाने फक्त रोमन नागरिकच बांधला जाई. परक्यांसाठी 'प्रोमित्तो' वगैरे होते. उत्तर प्रश्नाशी जुळलंच पाहिजे. १० हजार सेस्तर्स (रोमन नाणी) मागितले आणि ५ हजारांना होकार दिला, तर करारच झाला नाही. रोजच्या बोलण्यात, आपणहून दिलेल्या आश्वासनाला 'पोल्लिकेओर' शोभतं.

प्रतिसाद ३
मराठीत याला सगळ्यात जवळचं म्हणजे वाग्दान. 'स्पोन्सा' म्हणजे वाग्दत्त वधू, आणि मुलगी देऊ करणं ते 'देस्पोन्देओ'. पण 'आनिमुम देस्पोन्देरे' दिसलं तर 'मन दिलं' असं भाषांतर करू नका. त्याचा अर्थ धीर सोडणं.

प्रश्नकर्ता
खूप आभार. मग 'ती येईन म्हणाली, शब्द दिला' हे 'स्पोपोन्दित से वेन्तूराम एस्से' ना?

प्रतिसाद १
अगदी बरोबर. 'से' (स्वतःला) हेच ठेवा, 'एआम' (तिला) लिहिलंत तर शब्द देणारी एक आणि येणारी दुसरीच होईल.