अभ्यासिकेसाठी १० लॅपटॉप: 'डॉस' घ्यावेत की 'उबंटू'?

काळीमाती:
परभणीत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेसाठी १० लॅपटॉप घ्यायचेत. काम ठरलेलं: एमपीएससीचे फॉर्म, ऑनलाइन सराव चाचण्या, पीडीएफ, यूट्यूब, युनिकोड मराठी टायपिंग. विंडोज नको म्हटलं तर नगामागे साडेतीन हजार कमी होतात. कोटेशनमध्ये दोन मॉडेलपुढं 'डॉस' लिहिलंय आणि एकापुढं 'उबंटू'. दोन्ही एकच का? एका मशीनवर हिशेबाचं टॅली आणि श्रीलिपीत (जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये) केलेले जुने पेपरही लागणार आहेत.

गोदाकाठ:
एकच नाही. 'उबंटू' म्हणजे विंडोजऐवजी चालणारं फुकट लिनक्स. 'डॉस' म्हणजे फ्रीडॉस, नावापुरती टाकलेली जुन्या पद्धतीची सिस्टिम. चालू केला की काळा स्क्रीन आणि लुकलुकणारा कर्सर, बाकी काही नाही. त्या मॉडेलवर कंपनीनं लिनक्स चालवून पाहिलं असेलच असं नाही. 'उबंटू'वाल्यात वायफाय, साउंड, टचपॅडचे ड्रायव्हर (ते भाग चालवणारे प्रोग्रॅम) कंपनीनंच बसवून दिलेले असतात. उबंटूच्या साइटवर सर्टिफाइड हार्डवेअरची यादी आहे, तिथं पूर्ण मॉडेल नंबर टाकून शोधा. नुसतं सिरीजचं नाव टाकून उपयोग नाही, कारण एकाच नावाखाली वायफायचं कार्ड वेगळं निघतं.

खरी गोम त्या कार्डातच असते. इंटेलचं असेल तर डोळे झाकून घ्या. मीडियाटेकचं एमटी७९०२ निघालं तर मॉडेल सोडून द्या, उबंटू २४.०४ मध्ये त्याचा ड्रायव्हर नाही. रिअलटेकचं चालतं बहुधा, पण नेट तुटतंय का ते बघून घ्यावं.

पैसे देण्याआधी दुकानातच तपासा. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबंटू २४.०४ टाकून न्या. बूट मेनूसाठी (म्हणजे पेनड्राइव्हवरून चालू करायला) डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, आसुसला एस्केप. एसरला एफ१२च, पण आधी बायोसमध्ये (विंडोज-उबंटूच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) तो मेनू चालू करावा लागतो. इन्स्टॉल न करता 'ट्राय उबंटू' घ्या. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा, यूट्यूब लावून आवाज ऐका, कॅमेरा आणि ब्राइटनेसच्या की बघा. मग झाकण लावून दहा मिनिटं ठेवा. उघडल्यावर स्क्रीन काळाच राहिला तर ते मॉडेल नको. दुकानदार 'सील तुटतं' म्हणेल. त्याला सांगा, डेमो पीसवर दाखवा, पण मॉडेल नंबर तोच पाहिजे.

इन्स्टॉल करताना एसएसडी दिसली नाही तर घाबरू नका. बायोसमध्ये स्टोरेज 'आरएसटी' किंवा 'व्हीएमडी'वर असतं, ते 'एएचसीआय' करा. विंडोज आधीपासून असलेल्या मशीनवर मात्र हे सहज बदलू नका, विंडोज बूट होत नाही.

टर्मिनलवाला:
टॅलीचं मशीन विंडोजसकटच घ्या. विंडोजची की (लायसन्सचा नंबर) मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डातच साठवलेल्या प्रोग्रॅममध्ये असते, डिस्क पुसून परत टाकलं तरी आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. डॉसवर घेऊन मागाहून सुटं लायसन्स घ्याल तर वाचलेल्या साडेतीन हजारांपेक्षा जास्त जातील. आणि दुकानदार 'फुकट टाकून देतो' म्हणाला तर ते क्रॅक असतं, संस्थेच्या मशीनवर ती भानगड नको.

श्रीलिपीचे पेपरही त्याच मशीनवर ठेवा. फॉन्ट टाकला तर लिबरऑफिसमध्ये (उबंटूतलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) मजकूर दिसेल, पण टायपिंगचं इंजिन विंडोजचं आहे. नवे पेपर युनिकोडमध्ये करा. उबंटूच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी निवडलं की इनस्क्रिप्ट (युनिकोड मराठीचा कीबोर्ड) लगेच चालू होतं, वेगळं काही टाकावं लागत नाही.

काळीमाती:
म्हणजे ९ उबंटू, १ विंडोज. वॉरंटीचं काय? आणि प्रिंटर कॅननचा एलबीपी २९०० आहे.

गोदाकाठ:
वॉरंटी हार्डवेअरची असते, लिनक्समुळं जात नाही. पण फोनवरचा माणूस आधी 'विंडोजमध्ये हे उघडा' म्हणतो. त्यापेक्षा फर्मवेअरमधलीच चाचणी चालवा: डेलला एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स, एचपीला एफ२. एरर कोड आला की तोच सांगा, पुढं वाद राहत नाही.

२९०० मात्र डोकं खातो. त्याचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे, बसला तरी प्रिंटचं काम मध्येच रांगेत अडकून राहतं. तो विंडोजच्या मशीनलाच लावा, बाकीच्यांनी पीडीएफ करून तिथं पाठवायची. एचपीचे बहुतेक लेझर प्रिंटर एचपीएलआयपीवर (एचपीचा लिनक्स ड्रायव्हर) चालतात, १०२० मॉडेलला प्लगइन वेगळा डाउनलोड करावा लागतो तेवढं.

टर्मिनलवाला:
अजून एक. अभ्यासिकेत लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच राहणार, त्यात परभणीचा मे महिना. डेलच्या बायोसमध्ये बॅटरी 'प्रायमरिली एसी यूज' करा, लेनोव्होचा थिंकपॅड असेल तर टीएलपीनं (लिनक्समधला बॅटरी सांभाळणारा प्रोग्रॅम) चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. लाइट गेल्यावर बॅकअप थोडा कमी मिळेल, पण बॅटरी फुगून टचपॅड वर यायची वेळ येत नाही.