पिल्लाचं पोट बिघडलंय त्यावर

तुमचं दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू कालपासून पातळ शी करतंय आणि दूध पाजलं की ओकतंय म्हणता, तर आधी ते दूध बंद करा ओ, गाईचं दूध कुत्र्यांना बऱ्याचदा पचतच नाही. आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, त्यात जुलाब म्हणजे अंगातलं पाणी झपाट्यानं जातं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच खाली बसली नाही किंवा हिरड्या कोरड्या-चिकट लागल्या तर सरळ डॉक्टरकडं न्या, सलाइन लागेल. पाणी एकदम वाटीभर नको, थोड्या थोड्या वेळानं चमचा-दोन चमचे. ओकणं थांबलं की मऊ भात, उकडलेलं चिकन, मीठ-मसाला काही नाही. आमच्या पोरांनी मोत्याला लाडानं भाकरीबरोबर शेंगा चटणी चारलेली, त्यातला लसूण कुत्र्याला बाधतो हे कुणाच्या डोक्यातच नाही, दोन दिवस पोर्च धुऊन धुऊन हात दुखले माझे. आणि माणसांची पॅरासिटामॉल, ब्रुफेन अजिबात देऊ नका. शीमध्ये रक्त, घाण वास, पिल्लू मलूल आणि लस झालेली नसेल तर पार्व्हो (कुत्र्यांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार) असू शकतो, मग सकाळची वाट बघू नका. जंताचं औषध कधी दिलंय ते पण सांगा.