फियाट कोइमतूरला न्यायची कशी?

*बी-३०४:* नमस्कार मंडळी, आपली फियाट तयार झाली! रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा लोखंडी सांगाडा) बसला, कालच सीटबेल्टही आले. चवथीनंतर पाऊस ओसरला की कोइमतूरला कारी स्पीडवे या रेस ट्रॅकवर न्यायचा विचार आहे. ट्रेलर मिळतोय, पण ओढायला जुनीच गाडी घ्यायची हौस आहे. सावर्ड्याला एक छोटी विलिज जीप विकायची आहे. ए-१०२ भाई, तुम्ही शोलावरमला रेससाठी जायचात ना? घेऊ का?

*सी-२०२:* अभिनंदन रे बाबा! 👏

*ए-१०२:* घाई करू नकोस. जीप माझीही लाडकी, पण या कामाला ती नको. का ते सांगतो.

विलिजचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ८० इंच, वजन अकराशे किलोच्या आसपास. तुझी फियाट आणि लोखंडी ट्रेलर मिळून चौदाशेच्या पुढे जाणार. म्हणजे ओढणारी हलकी आणि मागची जड. चढावर ती ओढेल, चारही चाकांना जोर देणारा फोर बाय फोर लो गिअर टाकलास तर अनमोड घाटही चढेल. प्रश्न उताराचा आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि मागून चौदाशे किलो ढकलतंय.

शोलावरम म्हणजे महायुद्धातली विमानांची धावपट्टी, मद्रासजवळ. १९८७ साली आम्ही तिथून परतत होतो. अशीच छोटी जीप, मागे ट्रेलरवर फियाट. घाईत गाडी उलट चढवली, तोंड मागे. इंजिनाचं सगळं वजन ट्रेलरच्या शेपटीकडे गेलं. हुबळीच्या अलीकडे उतारावर ट्रेलर डुलायला लागला, आधी थोडा, मग जीपचा मागचा भाग उचलून इकडेतिकडे फेकायला लागला. माझ्या मित्राने ब्रेकला पाय लावला नाही, नुसता ॲक्सिलरेटर सोडला, म्हणून वाचलो. रस्त्याकडेला फियाट उतरवली, सरळ चढवली, अर्धा फूट पुढे सरकवून बांधली. पुढे घरापर्यंत ट्रेलर हलला नाही. ट्रेलर आणि त्यावरच्या गाडीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा ओढणाऱ्या गाडीच्या हुकवर यायला हवा, म्हणजे तुझ्या बाबतीत १४० ते १५० किलो. हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

*बी-३०४:* बापरे. मग मॅटाडोर व्हॅन?

*ए-१०२:* सामान, टायर, चार माणसं न्यायला उत्तम. तळ खाली असतो, चढ-उतर सोपी. पण ती पुढच्या चाकांवर चालते. हुकवर वजन आलं की पुढची चाकं हलकी होतात, ओल्या घाटात जागच्या जागी फिरतात. ओढायला नको.

*डी-१०१:* भाई, टाटा ४०७ ट्रक? आमच्या मामांची होती, कधी दगा दिला नाही.

*ए-१०२:* ताई, ४०७ मलाही पटते. १९८६ पासूनची गाडी, सुटे भाग कुठेही मिळतात. हौद्यात गाडी चढवली की ट्रेलरची कटकटच नाही. फक्त लांब व्हीलबेसची हवी. फियाट जवळजवळ १३ फूट, दहा फुटी हौद्यात मावणार नाही.

*सी-४०३:* मर्सिडीजच्या रेसिंग विभागानेही हेच केलं होतं. १९५५ मध्ये त्यांनी निळा ट्रान्सपोर्टर आणला, ३०० एसएलचं इंजिन, ताशी १६० किलोमीटरच्या वर वेग, रेस कार पाठीवर! पुढे १९६७ मध्ये मूळ गाडी भंगारात काढली, आता आहे ती नव्याने बांधलेली. माझी सगळ्यात आवडती मात्र स्कॉटलंडच्या एकुरी एकॉस या रेसिंग टीमची कॉमर, गाड्या वाहून नेणारी. आडवं टू-स्ट्रोक डिझेल, तीन सिलिंडरमध्ये सहा पिस्टन! पोटात एक गाडी, वर दोन.

*ए-१०२:* वा! ते कॉमरचं इंजिन मलाही एकदा जवळून ऐकायचंय.

*बी-३०४:* मला ट्रेलरच हवा, हौदा नको. मग काय घेऊ?

*ए-१०२:* लांब जीप बघ. महिंद्रा ५४०, ९१ इंच व्हीलबेस, प्यूजोचं डिझेल इंजिन. पळणार नाही, पण दुसऱ्या गिअरमध्ये घाट शांतपणे उतरेल. आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत. नसतील तर तो ट्रेलर घेऊ नकोस, स्वस्त असला तरी.

*सेक्रेटरी:* ट्रेलर ठेवणार कुठे? चवथीला पाहुण्यांच्या गाड्या लागतात.

*बी-३०४:* पाण्याच्या टाकीमागे ठेवला तर?

*सेक्रेटरी:* चालेल. चाकांना ठोकळे लाव, तिथे मुलं खेळतात.

*ए-१०२:* फोंड्याला एक ५४० आहे असं ऐकलंय. रविवारी सकाळी जाऊ. टॉर्च घे, खाली शिरून हुक जिथे बसणार ती चासी (गाडीचा खालचा सांगाडा) गंजली आहे का पाहायचं.

*बी-३०४:* देव बरें करूं, भाई. सातला खाली येतो.