डेअरीच्या प्रोग्रामला एवढा अवजड लॉगर हवाच कशाला?

दूधकाटा (धागाकर्ता)
करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या काही गावांत माझा दूध संकलनाचा प्रोग्राम चालतो. काट्यावरून लिटर घ्यायचे, मशीनवरून फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि इतर घनपदार्थ) घ्यायचं, सभासदाच्या कोडवर चढवायचं आणि स्लिप काढायची. जावा, जुना पीसी आणि एक लॉगर, म्हणजे प्रोग्राम काय करतोय याच्या ओळी (लॉग) लिहून ठेवणारी तयार कोडची लायब्ररी, एवढाच संसार.

गेल्या महिन्यात एका डेअरीत सकाळी साडेपाचला प्रोग्राम बसला. बाहेर किटल्या घेऊन रांग लागलेली आणि सचिवांचा फोनवर फोन. जाऊन बघतो तर डिस्क गच्च भरलेली. मी लॉगबॅक नावाचा लॉगर वापरत होतो आणि अपडेट टाकताना सेटिंगची एक्सएमएल फाइल राहून गेली होती. सेटिंग सापडली नाही की लॉगबॅक डीबगपासून (चुका शोधायच्या बारीकसारीक ओळींपासून) सगळं कन्सोलवर, म्हणजे स्क्रीनवर, टाकतो. माझी स्टार्ट स्क्रिप्ट कन्सोल एका फाइलकडे वळवते, आणि ती फाइल रोटेट होत नाही, म्हणजे भरली की ती बाजूला ठेवून नवी सुरू होत नाही. काटा दिवसभर चालू असतो आणि सेकंदाला दहा वेळा वजन पाठवतो. म्हणजे दिवसाला साडेआठ लाखांवर ओळी नुसत्या काट्याच्या!

आता मी टायनीलॉग या लहान लॉगरवर आलोय. दोन जार (जावाच्या कोडच्या फाइली) मिळून सुमारे २०० केबी, सेटिंगच्या मोजून आठ ओळी, आणि प्रत्येक क्लासात (कोडच्या तुकड्यात) वेगळा लॉगर बनवायची भानगड नाही. माझं म्हणणं सरळ आहे: प्रोग्राम लहान असेल तर लॉगरही लहानच असावा.

राजारामपुरी
भावा, रांग खोळंबली त्याचं वाईट वाटलं, पण निदान चुकलंय. टायनीलॉगलाही सेटिंग मिळाली नाही तर तो ट्रेसपासून सगळं कन्सोलवर ओततो, म्हणजे डीबगच्याही खालून, आणखी बारीक ओळींसकट. तीच फाइल परत राहिली तर डिस्क आधीपेक्षा लवकर भरेल. चूक स्क्रिप्टची आणि पॅकेजिंगची. सेटिंग जारच्या आतच ठेव, कन्सोल फाइलकडे वळवू नकोस, आणि वजन बदललं तरच ओळ लिही. एवढं केलंस तर लॉगबॅकही दहा वर्षं निमूट चालेल.

लहान लायब्ररीचं मला दुसरंच भय वाटतं. सांभाळणारा एखाद-दुसरा माणूस. तो थांबला की तू अडकलास.

दूधकाटा
पॅकेजिंगचं मान्य, दादा. सेटिंग कालच जारमध्ये घातली.

पण सांभाळणाऱ्यांचं म्हणाल तर डिसेंबर २०२१ आठवा. लॉगफोरजे २ या जावाच्या मोठ्या लॉगरमध्ये लॉगच्या मजकुरातच एक विशिष्ट अक्षरमाळ आली की लायब्ररी जेएनडीआयमार्फत (नावावरून गोष्टी शोधून आणायची जावाची सोय) बाहेरच्या सर्व्हरकडे जायची, आणि तिथून आलेला कोड चालू शकायचा. तीव्रता १० पैकी १०. मजकूर फाइलीत लिहिणं हे जिचं काम, तिला नेटवर्कवर जायची मुभा हवीच कशाला होती? ही सोय २०१३ पासून आत बसलेली, आणि वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती आहे हेही माहीत नव्हतं. न मागितलेली सोय म्हणजे न राखलेलं दार. अवजडपणावर माझा राग आहे तो यासाठी. केबी वाचतात म्हणून नव्हे.

राजारामपुरी
त्याच डिसेंबरात २.१५, २.१६, २.१७ आणि २.१७.१ अशा चार आवृत्त्या आल्या, हेही सांग की. जगभरचे डोळे त्या कोडवर होते म्हणून दुरुस्त्या इतक्या झपाट्यानं झाल्या. तुझ्या लहान लायब्ररीत असं भोक निघालं तर आधी ते सापडणार कुणाला?

उद्यमनगर
तुम्ही दोघं एमबी-केबीवर भांडताय. आम्ही फौंड्रीतल्या भट्टीचा कंट्रोलर करतो. एसटीएम ३२ जातीची चिप, ६४ केबी फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) आणि २० केबी रॅम. तिथं 'हलका' ही आवड नसून सक्ती आहे.

आम्ही वाक्यं लिहीतच नाही. दोन बाइटचा घटनाक्रमांक आणि एक आकडा, एवढंच चिपमध्ये जातं. त्याचं वाक्य पीसीवर होतं. सुरुवातीला नवख्या पोरानं एकच फ्लॅश-पान (एकदम पुसला जाणारा फ्लॅशचा भाग) दर मिनिटाला पुसून लिहायचं ठेवलं होतं. या फ्लॅशची हमी १०,००० वेळा पुसण्याची. हिशेब करा, सात दिवसही होत नाहीत. आता बरीच पानं गोल फिरवतो आणि पान भरल्यावरच पुढचं पुसतो.

दूधकाटा, तुमच्या पीसीला हे लागू नाही. पण लिहिण्याआधी 'ही ओळ कोण वाचणार' हे विचारायची सवय आम्हाला चिपनं लावली.

दूधकाटा
मला नेमकं हेच म्हणायचं होतं, आणि मी केबीत अडकलो. माझा लॉग वाचतो कोण? पहाटे डेअरीचे सचिव. चष्मा लावून, फोनवर, मला वाचून दाखवतात. 'नल पॉइंटर' असली जावाची चूक आणि खाली चाळीस ओळींचा स्टॅक ट्रेस (चूक कोडच्या कुठल्या वाटेनं आली त्याची यादी) ते वाचणार कसे? 'काट्याकडून ३० सेकंद वजन आलं नाही, केबल बघा' अशी ओळ असेल तर मला गाडी काढावीच लागत नाही. म्हणून आता सगळे संदेश मराठीत करतोय.

राजारामपुरी
इथं मात्र मी ठाम विरोधात. लॉग हा प्रोग्रामरचा पुरावा आहे. सचिवांना सांगायचं ते स्क्रीनवर सांग. मराठी ओळीत शब्द बदलला की तुझा शोध चुकतो. शिवाय जावा १८ च्या आधी विंडोजवर यूटीएफ-८ (मराठी अक्षरंही साठवणारं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत) आपोआप मिळत नाही. एन्कोडिंग सांगायचं राहिलं तर सगळीकडे प्रश्नचिन्हंच दिसतील.

पतसंस्था ऑडिट
दोघांनी एक गोष्ट सोडलीय. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या-संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस भारतात राखायचे, घड्याळ एनटीपीशी (नेटवर्कवरून अचूक वेळ देणारी व्यवस्था) जुळवायचं आणि सायबर घटना ६ तासांत कळवायची. पतसंस्थांत मी बघते, 'हलका' म्हणजे सात दिवसांनी पुसून टाकायचा असाच अर्थ घेतला जातो. त्याला माझा विरोध आहे.

आणि दूधकाटा, फॅटचा आकडा कुणी बदलला तर तुमच्या लॉगमध्ये दिसेल का? सभासदाचं दहा दिवसांचं बिल त्या आकड्यावर ठरतं. तो लॉग कितीही जड झाला तरी चालेल. उलट सभासदाचा मोबाइल आणि खाते क्रमांक लॉगमध्ये अजिबात जाऊ देऊ नका.

दूधकाटा
ताई, फॅट हातानं बदलल्याची नोंद आज होत नाही. खरं सांगायचं तर ते मला सुचलंच नव्हतं. आता ती वेगळ्या फाइलीत जाईल: जुना आकडा, नवा आकडा, कुणी, केव्हा. ही फाइल रोटेट झाली तरी पुसली जाणार नाही. वीज गेल्यावर जुन्या पीसीचं घड्याळ कधीकधी मागे जातं, म्हणून प्रत्येक ओळीला चढता क्रमांकही देतो.

दादा, शोधासाठी उद्यमनगरवाल्यांसारखा घटनाक्रमांक ओळीच्या सुरुवातीला घालतो, एन्कोडिंगही सेटिंगमध्ये लिहितो. पण मराठी वाक्य काढणार नाही.

राजारामपुरी
क्रमांक असेल तर शोधाचा माझा आक्षेप मिटला. स्क्रीनचा मिटलेला नाही. आणि स्टॅक ट्रेस फेकू नकोस. सचिवांच्या नजरेआड दुसऱ्या फाइलीत ठेव. मागं सोळंकूरच्या एका पोरानं तो बंद केला आणि एका चुकीमागं तीन आठवडे घालवले.

उद्यमनगर
क्रमांकांची यादी आजच एका कागदावर लिहा, आणि एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या घटनेला परत देऊ नका. आम्ही ४१ नंबर दोनदा वापरला होता. जुन्या कंट्रोलरवर तो अजून चुकीचं वाक्य दाखवतो.