उसाचं बिल थकलंय, काट्याचाही भरवसा नाही. गावानं मिळून कसं लढायचं? (पलूस-वाळवा पट्टा)

येरळाकाठ
नमस्कार मंडळी. पलूस तालुक्यातल्या आमच्या गावचा ऊस खासगी कारखान्याला जातो. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेलेल्या उसाला टनाला २,८०० मिळाले, पुढचं कधी देणार विचारलं की गट ऑफिसातून (कारखान्याच्या आमच्या भागातल्या ऑफिसातून) एकच उत्तर, "वरून आलं की सोडू." शिवाय काट्यात तूट येते अशी सगळ्यांचीच तक्रार आहे, पण हातात पुरावा नाही. मालक राजकारणातले, त्यामुळं पेपरात ओळ येत नाही. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे निम्म्या लोकांचा खोडवा (आधीच्या तोडीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) अजून रानात उभा आहे. तक्रारीवर सही केली तर तोड मिळणार नाही या भीतीनं माणसं मागं सरतात. एकट्यादुकट्यानं भांडून उपयोग नाही हे कळतंय. सुरुवात कुठून करावी? जाणकारांनी सांगावं.

उतारा_बघा
दादा, आधी हिशोब, मग भांडण. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी (केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्क्याला) क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०. त्यावर दर ०.१ टक्का उताऱ्याला क्विंटलमागं ३.४६, म्हणजे टनाला ३४.६० वाढतात. उतारा ११.७५ असेल तर १५ टप्पे, ५१९ रुपये. एकूण ४,०६९. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती ९०० धरली तर हातात ३,१६९ यायला हवेत. तुम्हाला २,८०० मिळाले, म्हणजे टनाला ३६९ अडकलेत. ५० टनांच्या शेतकऱ्याचे १८,४५० झाले.

यात दोन जागी गफलत होते. एक म्हणजे उतारा. बी-हेवी मोलॅसिस (साखर पूर्ण न काढलेली मळी) किंवा रसापासून इथेनॉल काढलं की साखरेचा उतारा कागदावर कमी दिसतो. तेवढी घट परत मिळवून एफआरपी काढायची असते आणि त्यासाठी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा दाखला लागतो. तो दाखला मागा. उतारा कोणत्या हंगामाचा धरलाय तेही लेखी विचारा. दुसरी म्हणजे तोडणी-वाहतूक. ही सरासरीनं कापली जाते आणि लांबच्या गावांहून उचललेल्या उसाचा खर्च जवळच्यांच्या माथी बसतो. कारखान्यानं साखर आयुक्तालयाला कळवलेला आकडा आणि तुमच्या बिलावरचा आकडा शेजारी ठेवून बघा.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणं ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर थकलेल्या रकमेवर सालाना १५ टक्के व्याज. एक लाख रुपये थकले असतील तर दिवसाला साधारण ४१ रुपये. बहुतेक लोक व्याज मागतच नाहीत आणि कारखाने आपणहून देत नाहीत. तक्रारीत व्याजाचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.

एफआरपीचे तुकडे करणारा २१ फेब्रुवारी २०२२ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये रद्द केलाय. "हप्त्यानं द्यायची सरकारची परवानगी आहे" असं कुणी सांगितलं तर हे पुढं करा.

येरळाकाठ
फार उपयोगी. पण कारखान्याकडं उसाची नोंद करताना छापील करारावर सह्या घेतल्यात. त्यात काय लिहिलंय कुणालाच नीट माहीत नाही.

उतारा_बघा
खरी मेख तिथंच आहे. त्याच आदेशात १४ दिवसांच्या अटीला अपवाद आहे: दोघांत वेगळा लेखी करार असेल तर. म्हणून नोंदीच्या कागदात बारीक अक्षरात "हप्त्यांना माझी संमती आहे" असं घुसडतात. कराराची प्रत गट ऑफिसात लेखी अर्ज देऊन मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. दिली नाही तर तसं तक्रारीत लिहा. मात्र एक लक्षात ठेवा, करारानं मुदत पुढं ढकलता येते, दर कमी करता येत नाही. ठरलेल्या किमतीपेक्षा कमी भावात ऊस घ्यायला किंवा द्यायलाच आदेशात मनाई आहे. पुढच्या नोंदीला ते वाक्य खोडून, शेजारी सही करून कागद द्या. गावानं मिळून खोडलं तर चिटबॉय (कारखान्याचा नोंदी घेणारा माणूस) कुणाकुणाचा कागद परत करणार?

वजनमाप
काट्याबद्दल लिहितो, कारण इथं घाईनं आरोप होतात आणि मग फजिती होते.

ज्या दिवशी चार-पाच ट्रॅक्टर एकाच कारखान्याला निघणार आहेत तो दिवस निवडा. कारखान्याच्या वाटेवरचा असा खासगी काटा बघा, ज्याचा वैधमापनचा (वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) पडताळणी दाखला चालू वर्षाचा आहे. दाखला काट्यावर लावलेला असतो, त्याचा फोटो घ्या. दोन्ही ट्रॉल्यांसकट भरलेलं वजन करा, पावतीवर गाडी नंबर, तारीख आणि वेळ आलीच पाहिजे. तिथून गाडी थेट कारखान्यात जावी. वाटेत डिझेल भरायचं नाही, माणूस चढवायचा-उतरवायचा नाही. येताना रिकाम्या गाडीचं वजन त्याच खासगी काट्यावर पुन्हा.

गडबड बहुतेक वेळा रिकाम्या वजनात निघते. भरलेलं वजन सगळे बघतात, रिकामं कुणी बघत नाही. दर खेपेला रिकामी गाडी काट्यावर न घेता जुना आकडा लावला, ट्रॉलीत चिखल-पाला तसाच राहिला, की निव्वळ वजन घटतं. म्हणून कारखान्याच्या पावतीवर भरलेलं, रिकामं आणि निव्वळ असे तिन्ही आकडे आणि दोन्ही वेळा आहेत का ते तपासा.

१०-२० किलोच्या फरकावर भांडू नका, तेवढा दोन काट्यांत असू शकतो. गाडी यार्डात रात्रभर नंबरला थांबली तर ऊस सुकूनही वजन उतरतं. तेव्हा कारखान्याच्या काट्यावर गाडी किती वाजता चढली ते लिहून ठेवाच, नाहीतर तोच बचाव तुमच्यापुढं येईल. पण एकामागून एक पाच गाड्यांत फरक एकाच बाजूला, क्विंटल-दोन क्विंटलचा निघाला तर ते टाळता येत नाही. मग दहा पावत्यांच्या झेरॉक्स जोडून जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज द्या. अर्जात "भरारी पथकानं अचानक, प्रमाण वजनं आणून तपासणी करावी" हे स्पष्ट मागा. पथकानं आधी कळवून केलेल्या तपासणीला अर्थ नाही.

कराडचा_सभासद
अर्ज कुठं करायचा हेही बघा. सांगली जिल्ह्याचं प्रादेशिक सहसंचालक (साखर) कार्यालय कोल्हापूरला, आमच्या साताऱ्याचं पुण्याला. एक अर्ज तिथं, एक साखर आयुक्तांना पुण्यात, एक जिल्हाधिकाऱ्यांना. सोबत एकच तक्ता: नाव, कोड नंबर, ऊस गेल्याची तारीख, टन, मिळायला हवे, मिळाले, बाकी, दिवस, व्याज. शेवटी एकूण बेरीज. ४० जणांचे ४० वेगळे अर्ज दिले की त्यातले ३८ "माहितीसाठी" म्हणून फाइलला लागतात. एका तक्त्यावर ४० सह्या आल्या की कारखान्याकडं खुलासा मागावा लागतो.

आयुक्त सुनावणी घेऊन आरआरसी काढतात, म्हणजे थकबाकी महसुली येण्यासारखी वसूल करायचा आदेश. लोक इथं गुलाल उधळतात आणि घरी जातात. आरआरसी निघाली म्हणजे पैसे आले असं नाही. कागद जिल्हाधिकारी कार्यालयातून तहसीलला जातो आणि तिथंच पडून राहतो. गोदामातली साखर बँकेकडं तारण असते, मग जप्तीत वाद निघतो. म्हणून दर सोमवारी दोघांनी तहसीलला जायचं आणि विचारायचं: जप्तीचा पंचनामा झाला का, मोलॅसिस-बगॅसचा (मळी-चिपाडाचा) साठा धरला का, कारखान्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढला का. उत्तर तोंडी मिळालं तर त्याच दिवशी तेच लिहून, "आपण असे सांगितले" म्हणून आवक-जावकला द्यायचं.

माहिती अधिकार खासगी किंवा सहकारी कारखान्याला सहसा लागू होत नाही, पण सहसंचालक कार्यालयाला होतो. कारखान्यानं भरलेली एफआरपीची पत्रकं, उतारा, तोडणी-वाहतूक हे सगळं तिथं असतं. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

आणि वेळ साधा. दर हंगामाला कारखान्याला गाळप परवाना घ्यावा लागतो आणि मागची एफआरपी थकली असेल तर तो अडतो. सप्टेंबरात हाच तक्ता ताज्या आकड्यांसह आयुक्तांकडं हरकत म्हणून द्या. फेब्रुवारीत जो चेअरमन भेटत नाही तो ऑक्टोबरात स्वतः फोन करतो.

ज्यांचा कारखाना सहकारी आहे त्यांच्यासाठी: सहकार कायद्याच्या कलम ३२ खाली सभासदाला ताळेबंद, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहाराची दप्तरं बघता येतात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. प्रश्न आठ दिवस आधी लेखी द्या आणि पोच घ्या, म्हणजे "मंजूर, मंजूर"च्या गलक्यात ते विरून गेले तरी इतिवृत्तात का नाहीत हे नंतर विचारता येतं.

बातमीदार_पलूस
पेपरात येत नाही त्याचं कारण उघड आहे. गळीत हंगामाचा शुभारंभ, वाढदिवस, मोळी पूजन या सगळ्या पानभर जाहिराती कारखान्याच्या. तालुक्याच्या वार्ताहरावर राग काढू नका, बऱ्याच जणांना जाहिरातीच्या कमिशनवरच घर चालवावं लागतं. बातमी जिल्हा आवृत्तीच्या टेबलावर आणि पुण्याच्या आर्थिक-कृषी पानांच्या बातमीदारांकडं न्या. "शेतकऱ्यांवर अन्याय" हे छापलं जात नाही. "४० शेतकरी, इतके टन, इतकी रक्कम, इतके दिवस, आयुक्तांकडं तक्रार क्रमांक अमुक" हे छापलं जातं. एक पान पुरे. सोबत पोच असलेल्या अर्जाची प्रत.

"चोरी", "दरोडा", "काटामारी" हे शब्द पत्रकात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाळा. "वजनात इतका फरक आढळला, पावत्या सोबत" असं लिहा. बदनामीची नोटीस येते ती विशेषणांमुळं, आकड्यांमुळं नाही. जाहिरात बातमी म्हणून छापलेली दिसली तर आधी संपादकाला पत्र, मग दैनिकाच्या बाबतीत दोन महिन्यांच्या आत प्रेस कौन्सिलकडं तक्रार करता येते.

आडसाली
तोडीची भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. तक्रारीवर पहिल्या सह्या ज्यांचा ऊस गेलाय त्यांच्याच घ्या. ज्यांचा उभा आहे त्यांनी फक्त पावत्यांच्या झेरॉक्स द्याव्यात, नाव नाही. उभ्या उसाची लागणीची तारीख आणि नोंद क्रमांक यांची गावयादी आधीच करून ठेवा. नोंदीच्या क्रमानं तोड यायला हवी. मागची नोंद पुढं गेली की ती यादी शेतकी अधिकाऱ्याकडं आणि सहसंचालकांकडं द्यायची. सूड उगवला हे सिद्ध करायला याहून चांगला कागद नाही. जमलं तर ग्रामसभेचा ठराव घ्या. मग तक्रार गावाची होते, कुणा एकाची राहत नाही.

रस्त्यावर उतरायची वेळ आली तर ठिय्या गट ऑफिसवर द्या, वाहनं अडवू नका. टायरची हवा सोडली की गुन्हा ड्रायव्हरच्या फिर्यादीवर दाखल होतो, त्यात मालक कुठंच नसतो. ऊस वाटेत वाळला तर नुकसान आपल्याच भावाचं आणि बीडहून आलेल्या ऊसतोड टोळीचा दिवस बुडतो. त्यांचीही लूट होतेच, मुकादमाच्या उचलीत (आगाऊ पैशांत) ती माणसं अडकलेली असतात. खुशाली आणि एंट्रीच्या पैशांवरून (तोडीला आणि गाडीला वरून मागतात ते) टोळीशी भांडू नका, ती तक्रार कारखान्याकडं लेखी करा. आंदोलनाच्या आधी पोलीस ठाण्याला निवेदन द्या आणि जमावबंदीचा आदेश चालू आहे का ते विचारा. नोव्हेंबर २०१२ मध्ये वसगड्याला ऊस आंदोलनात गोळीबारात शेतकरी गेला, हे तुमच्या तालुक्याला सांगायची गरज नाही. पोरांना पुढं घालू नका.

येरळाकाठ
सगळ्यांचे आभार. रविवारी देवळात बसून तक्ता करतो. ज्यांच्या पावत्या हरवल्यात त्यांचं काय?

उतारा_बघा
बँक पासबुकात बिल जमा झाल्याची नोंद असते, तिच्यावरून पंधरवडा कळतो. टनेजची लेखी नोंद कोड नंबर देऊन गट ऑफिसात मागा, नकार आला तर तोही लेखी घ्या. तोवर त्या माणसाची ओळ तक्त्यात "पावती मागितली, तारीख अमुक" असं लिहून ठेवा. ओळ गाळू नका.