जुन्या जीपला हलकी, काढघाल करता येणारी दारं: पाईप-ॲल्युमिनियम की ताडपत्री?

तापीकाठ (धागा सुरू):
खान्देशात महिंद्राची एमएम ५४० आणि तिच्या पिढीतल्या जीपा अजून केळीच्या बागांत आणि सातपुड्याच्या पायथ्याला राबतात. दारं करायची म्हटलं की फॅब्रिकेशनवाला २५×२५×३ चा अँगल आणि दोन्ही बाजूंनी २० गेजचा पत्रा मारतो. दार १४-१५ किलोचं होतं, एकट्या माणसाला पिनांवर बसवता येत नाही, मग ते वर्षभर तसंच लटकत राहतं.

माझं म्हणणं, अर्धं, म्हणजे कमरेपर्यंतचं दार करा. चौकट एक इंची (२५.४ मिमी) १६ गेज (१.६ मिमी जाड) ईआरडब्ल्यू, म्हणजे शिवणीवर वेल्ड केलेल्या लोखंडी पाईपची, बाहेरून १.५ मिमी ॲल्युमिनियम पत्रा. दाराची जागा ७५×६५ सेंमी धरली तर परीघ २.८ मीटर, एक तिरपा आणि एक मधला आडवा धरून साडेचार मीटरच्या आत पाईप लागतो. हा पाईप मीटरला साधारण ९४० ग्रॅम, म्हणजे चौकट सव्वाचार किलोच्या आत. पत्रा अर्धा चौरस मीटर, दोन किलो. बिजागऱ्या, कडी धरून साडेसात किलो. सहा मीटरच्या दोन लांब्यांत दोन्ही दारं होतात.

आधी पुठ्ठ्याचा साचा काढा आणि बाजूंना ५ मिमी, कडीकडे ६ ते ८ मिमी फट सोडा. जीपचा टब, म्हणजे बॉडी, चासीवर रबरांवर बसलेला असतो. एक चाक खड्ड्यात गेलं की दाराची चौकोनी जागा तिरपी होते आणि नेमकं बसवलेलं दार अडकतं. म्हणून सपाट जागेवर बसवून झालं की एका चाकाखाली २० सेंमीचा ठोकळा घालून उघडझाप करून पाहा.

वेल्डिंग दार गाडीवर धरूनच. आधी सगळे टाके (छोटे ठिपक्यांचे वेल्ड) मारा, मग समोरासमोरचे सांधे आलटूनपालटून भरा. एका बाजूने सलग भरत गेलात तर दार पिळतं आणि खालचा कोपरा बाहेर येतो. मिग (तारेचं वेल्डिंग यंत्र) नसेल तर २ मिमीचा ६०१३ वेल्डिंग रॉड, ५०-६० अँपिअर. २.५ च्या रॉडने १६ गेजला भोकं पडतात.

ताडपत्री_जिंदाबाद:
एवढा खटाटोप कशासाठी? दार लागतं कधी, तर जून ते सप्टेंबर पाऊस आणि डिसेंबर-जानेवारीची थंडी. तुमचं अर्धं दार या दोन्हींत निकामी, पाणी कमरेवरून आत येतंच. पूर्ण उंचीची चौकट १२ मिमी सळईची वाकवा, वर ६०० जीएसएमची (चौरस मीटरला ६०० ग्रॅम) पीव्हीसी ताडपत्री शिवून घ्या, खिडकीला पारदर्शक पीव्हीसी आणि झिप. काढलं की सीटमागे सरकतं. पत्र्याचं दार ठेवणार कुठे, गोठ्यात? शिवाय मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा उन्हात तापलेल्या पत्र्यावर कोपर टेकवून दाखवा.

तापीकाठ:
सळईचं गणित तुम्ही केलेलं दिसत नाही. १२ मिमी भरीव सळई मीटरला ८८८ ग्रॅम, पाऊण इंची १८ गेज पाईप मीटरला सव्वापाचशे. ७५×११५ ची चौकट आणि मधली आडवी धरून साडेचार मीटर, म्हणजे सळईची चौकटच चार किलोची. पाईपने ती अडीचच्या आत बसते, आणि वाकायलाही कमी वाकते. ताडपत्री मान्य, पण सळई नको.

पारदर्शक पीव्हीसी इथल्या उन्हात पिवळं पडतं, कडक होतं, आणि थंडीतल्या सकाळी गुंडाळलं तर घडीवर तडकतं. त्यावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसू नका, चरे पडतात. आधी पाणी मारा.

लेथवाला_धुळे:
दोघंही किलो मोजत बसलात. दार मोडतं ते चौकटीत नाही, बिजागरीशी. हिशेब पाहा: दार ८ किलो, वजनाचा मध्य बिजागरीपासून ३७ सेंमी, दोन बिजागऱ्यांत अंतर २५ सेंमी. वरची बिजागरी जवळजवळ १२ किलोने ओढली जाते, तीही गाडी उभी असताना. आता कुणी ६० किलोचा माणूस कडीच्या टोकाशी रेलला तर ओढ १८० किलोवर जाते. जुन्या टबचा पत्रा तिथेच फाटतो. म्हणून आतून ३ मिमीची तळहाताएवढी पट्टी, ८ मिमीचे चार बोल्ट, आणि बिजागऱ्या जमतील तेवढ्या लांब लांब. ताडपत्रीच्या दारालाही हेच. माणूस रेलताना दार कशाचं आहे ते बघत नाही.

काढघालीसाठी पिना बॉडीवर, तोंड वर; बुश (पिनेवर बसणारी नळी) दारावर, वरून उतरणारा. पिनेला १२ मिमी ब्राइट बार (गुळगुळीत, नेमक्या मापाची सळई), बुशचं भोक १२.३. खालची पिन वरचीपेक्षा १०-१२ मिमी लांब ठेवा. आधी खालची बसते, दाराला तिचा आधार मिळतो, मग वरची डोळ्यांसमोर जुळवता येते. दोन्ही पिना सारख्या लांबीच्या केल्यात तर दार हातात धरून नाच करावा लागतो.

दोन्ही बिजागऱ्या एका रेषेत हव्यात. टाके मारताना दोन्हींतून एकच सरळ १२ मिमीचा रॉड घाला. आणि ओळंबा लावू नका! गाडी कधीच ओळंब्यात उभी नसते, रेषा बॉडीच्या खांबाला समांतर धरायची.

वरच्या पिनेला ३ मिमीचं आडवं भोक आणि त्यात आर-पिन (R आकाराची स्प्रिंगची क्लिप) हवीच. तोरणमाळच्या घाटासारख्या उताराला खाचखळग्यात दार उसळलं तर पिनेवरून निघून येतं, कडी एकटी ते धरत नाही.

पांझराकाठ:
भाऊ, दार हलकं व्हयनं, पन धूळनं काय? पुऱ्या उंचीच्या दारालाही खालून फट असली की काळ्या मातीचा फुफाटा मागच्या हवेसोबत आत ओढला जातो. रबर बीडिंग कोणती लावायची, ते कुणीच सांगत नाही.

लेथवाला_धुळे:
डी आकाराची पोकळ ईपीडीएम (ऊन-पाण्यात टिकणारं रबर), दारावर नाही, बॉडीच्या कडेवर. दारावर चिकटवलेली पाय घासून निघते. फट ५ मिमी असेल तर ९-१० मिमीची घ्या, अर्धी दबली पाहिजे. फोमची पट्टी एका पावसाळ्यात स्पंज होते. आणि पिनांना ग्रीस लावू नका, त्यात धूळ बसून घासणारी लेई होते. कोरडं ग्रॅफाइट किंवा नायलॉन बुश.

यावलकर_फॅब:
तापीकाठ यांच्या पोस्टमध्ये दोन धोके राहिलेत. पहिला, वाकवण्याचा. प्लंबरच्या बेंडरवर ‘एक इंची’ साच्यात हा पाईप घालू नका. पाण्याचा एक इंची पाईप बाहेरून ३३ मिमीच्या वर असतो, आपला २५.४. साचा सैल, पाईप चपटा. पाऊण इंचीचा साचासुद्धा मिलिमीटरभर सैलच. योग्य साचा नसेल तर कोपरे ४५ अंशांत कापून जोडा, दिसायला साधं पण सरळ.

दुसरा, ॲल्युमिनियम थेट लोखंडावर रिव्हेट केलं की पावसाळी चिखलात ॲल्युमिनियमच खाल्लं जातं, रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसू लागते. आधी पाईपला प्रायमर आणि रंग, मध्ये ब्युटाइलची (चिकट रबराची) पट्टी, मग ४.८ मिमीचे पॉप रिव्हेट ७५ मिमीवर. पत्रा फडफडू नये म्हणून वाकवणी यंत्रावर कोपऱ्यातून कोपऱ्यात हलकी क्रॉस घडी मारून घ्या. खालच्या पाईपला ६ मिमीची दोन भोकं पाडा. सांध्यातून पाणी शिरतंच, ते बाहेर कुठून जाणार? मला विचाराल तर पत्राही नको, खालच्या भागातही ताडपत्री ताणा. पाय आत राहावा एवढंच अर्ध्या दाराचं काम.

नियमवाचक:
एवढंच काम, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. यातलं कोणतंही दार बाजूची धडक घेत नाही. सीटबेल्ट नसेल तर पाईपचं दार म्हणजे फक्त धीर.

कायद्याचं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या (नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) नोंदी उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळ्या होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कॅनव्हासच्या छतासह विकली गेलेली जुनी जीप आणि महिंद्राची नवी थार यांत मोठा फरक आहे. थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार तारे मिळाले ते कारखान्याच्या दारांसह. तिची दारं काढून पाईप लावणं म्हणजे वायरिंग, आरसे आणि सुरक्षा तिन्ही एका फटक्यात घालवणं. जीप रँग्लरची दारं निघतात कारण ती तशीच डिझाइन केलेली आहे.

ताडपत्री_जिंदाबाद:
म्हणजे शेवटी यावलकरही ताडपत्रीवरच आले. आरशाचं मात्र बरोबर आहे, दारावरचा आरसा दारासोबत जातो. समोरच्या काचेच्या चौकटीच्या बिजागरी-बोल्टवर पट्टी लावून तिथे बसवा.

तापीकाठ:
पाऊण इंची पाईप, ताडपत्री, अर्धं दार: हे मान्य करतो, चार-साडेचार किलोत होईल. पण वरचा अर्धा भाग वेगळा हवा, झिपने जोडणारा. मे महिन्यात लू सुटली की पूर्ण बंद गाडी भट्टी होते आणि पूर्ण उघडी गाडी तोंड भाजते. तेव्हा फक्त वाऱ्याकडच्या बाजूचा वरचा भाग लावायचा. झिप प्लास्टिकचीच, १० नंबरची. धातूची झिप धुळीने अडकते.

लेथवाला_धुळे:
आणि चेक स्ट्रॅप, म्हणजे दार जास्त उघडू न देणारा पट्टा. कुणीच लिहिला नाही. सीटबेल्टचा तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी पट्टीवर बोल्ट, नाहीतर वाऱ्याच्या पहिल्या झटक्यात दार मडगार्डवर आपटतं आणि वरची बिजागरी गेलीच. दार साधारण ७० अंशांवर थांबेल एवढी लांबी ठेवा.