मार्गारेटची पेगी कशी झाली? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी एका जुन्या इंग्रजी पत्रसंग्रहाचं मराठी भाषांतर करतेय आणि नावांपाशी पार अडकलेय. एकच बाई कुठे मार्गारेट, कुठे मेग, तर कुठे चक्क पेगी, मी आधी तीन वेगळ्या बायका समजून अर्धं भाषांतर उरकलं होतं, आता सगळं परत तपासायला लागतंय.

जेवढं कळलंय ते सांगते. मार्गारेट मूळ ग्रीक शब्दावरून, अर्थ मोती, म्हणजे आपली मुक्ताच की! (हे कळल्यावर खूप बरं वाटलं.) फ्रेंचमध्ये मार्गरीत हे त्या पांढऱ्या डेझीच्या फुलाचंही नाव, म्हणून मार्गारेटला लाडाने डेझी म्हणायचे, स्वीडनच्या युवराजाशी लग्न झालेली ब्रिटिश राजकन्या मार्गारेट, १८८२ चा जन्म, तीही घरी डेझीच. आणि डेझी म्हणजे जुन्या इंग्रजीत 'दिवसाचा डोळा', फूल दिवसा उघडतं आणि रात्री मिटतं म्हणून.

पण मेगची पेग का? मेरीची मॉली आणि मग पॉली, मार्थाची पॅटी, इथेही म चा प झालाय. एलेनची नेल 'माईन एल' (म्हणजे 'माझी एल') मधला न चिकटून झाली हे पटतं, पण हा प कुठून आला? भाषाशास्त्रवाल्यांनी प्लीज सांगा. आणि भाषांतरात सगळीकडे मार्गारेटच ठेवू की पेगी तशीच राहू दे? पेगी काढली तर पत्रातली माया जाते असं मला फार वाटतंय.